‘शेवटी सगळं एकाच गाडीत जातं’ म्हणणाऱ्यांना

ओला आणि सुका कचरा वेगळा करू या, असं पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत कुणी सुचवलं, की मागच्या रांगेतून एक उत्तर हमखास येतं. ‘कशाला? शेवटी सगळं एकाच गाडीत जातं.’ हे वाक्य पडलं की विषय संपतो. दोन-चार माना डोलतात, चेअरमन कार्यक्रमपत्रिकेतला पुढचा विषय वाचतात आणि पार्किंगवर तासभर वाद रंगतो. हे वाक्य मी डॉक्टरांकडून ऐकलंय, इंजिनिअरांकडून ऐकलंय, निवृत्त अधिकाऱ्यांकडून ऐकलंय. बोलणाऱ्याला ते अनुभवाचं सार वाटतं. माझ्या मते ते बहुतांशी खोटं आहे. आणि जिथे ते खरं आहे, तिथेही त्यातून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे. कचऱ्याच्या प्रश्नाचं जेवढं नुकसान महापालिकेच्या ढिलाईनं केलं, जवळजवळ तेवढंच या एका वाक्यानं केलं आहे. म्हणून त्याला इथे सविस्तर उत्तर द्यायचं आहे.

आधी ‘शेवटी’ या टोकाला पोचायच्या अगोदर काय घडतं ते पाहू. पुण्याच्या बऱ्याच मोठ्या भागात आपल्या दारातली बादली थेट गाडीत रिकामी होत नाही. ती आधी एका बाईच्या हातात जाते. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकारानं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. त्या चळवळीतून पुढे कचरावेचकांचीच मालकी असलेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आली, आणि २००८ मध्ये दारोदार कचरा गोळा करण्यासाठी तिचा महापालिकेशी करार झाला. आज साडेतीन हजारांच्या आसपास कचरावेचक तिच्यामार्फत हे काम करतात. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत, आणि त्यातल्या बहुतेक दलित समाजातल्या. घरटी मिळणारं मासिक शुल्क हा त्यांच्या कमाईचा एक भाग. दुसरा भाग म्हणजे आपल्या कचऱ्यातून निवडून विकलेलं भंगार.

ही निवड गाडी येण्याच्या आधी होते. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास गल्लीच्या तोंडाशी, एखाद्या भिंतीच्या आडोशाला, ढकलगाडी उभी करून मावशी बसलेल्या असतात. समोर फाटका फ्लेक्स अंथरलेला असतो. एकेक पिशवी फोडायची, हात घालायचा, पुठ्ठा एकीकडे, बाटल्या दुसरीकडे, दुधाच्या पिशव्या तिसरीकडे. ऑनलाइन मागवलेल्या वस्तूचा पुठ्ठ्याचा खोका स्वच्छ कोरडा आला तर तो सरळ घडी होऊन गोणीत जातो आणि दुपारी भंगारच्या दुकानात त्याचे पैसे होतात. तोच खोका सांबारात भिजून आला, तर त्याचा लगदा होतो. भंगारवाला तो घेत नाही. बादलीत ओलं-सुकं एकत्र टाकणाऱ्याच्या दृष्टीनं त्या खोक्याचं काहीच बिघडलेलं नसतं, कारण त्याच्यासाठी तो कचराच होता. मावशींच्या दृष्टीनं मात्र त्या दिवसाची थोडी मजुरी बुडालेली असते. शिवाय सांबारात भिजलेल्या त्या ढिगात हात त्यांनी घातलेला असतो. त्याच ढिगात कागदात न गुंडाळलेलं सॅनिटरी पॅड असतं, लहान मुलाचा डायपर असतो, फुटलेल्या काचेच्या ग्लासाचा तुकडा असतो.

तेव्हा ‘सगळं एकाच गाडीत जातं’ हे मुळात वस्तुस्थितीचं वर्णनच नाही. जे विकलं जाऊ शकतं ते गाडीपर्यंत पोचतच नाही. गाडीत जातं ते उरलेलं. किती उरावं हे तुमच्या स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली ठरतं. वेगळं करून दिलं तर कागद, पुठ्ठा, प्लास्टिक, धातू यांचा मोठा वाटा पुन्हा कारखान्यात जातो. एकत्र करून दिलं तर तोच माल नासतो आणि खरोखरच गाडीत जातो. म्हणजे हे वाक्य बोलणारा माणूस जे घडतं म्हणून सांगतो, ते आपल्याच बादलीतून घडवत असतो.

आता या वाक्यातला खरा भाग. हो, काही ठिकाणी गाड्या सगळं एकत्र करतात. दोन कप्प्यांची घंटागाडी येते आणि दोन्ही कप्प्यांत तेच पडतं. कधी घाई असते, कधी माणसं कमी असतात, कधी मुकादमानं डोळेझाक केलेली असते. सोसायटीनं मन लावून वेगळा केलेला कचरा समोर एकत्र टाकला जाताना पाहिला की संताप होणारच, आणि तो रास्त आहे. पण त्या संतापाचं काय करायचं? ‘मग आम्हीही नाही करणार’ असं म्हणून गप्प बसायचं, की तक्रार करायची?

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी नागरिकावर जबाबदारी टाकली की ओला, सुका आणि घरगुती घातक असा तीन प्रकारांत कचरा वेगळा करून द्यायचा. त्याच नियमांनी स्थानिक संस्थेवर जबाबदारी टाकली की तो वेगळाच उचलायचा, वेगळाच न्यायचा, आणि कचरावेचकांना या व्यवस्थेत सामावून घ्यायचं. दोन्ही बाजू एकमेकींत अडकलेल्या आहेत. तुम्ही वेगळा करून दिलात आणि गाडीवाल्यानं एकत्र केला, तर तुमच्याकडे धडधडीत तक्रार आहे. गाडीचा नंबर, वेळ, एक फोटो, क्षेत्रीय कार्यालयात लेखी अर्ज, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच. आरोग्य निरीक्षकाला त्याचं उत्तर द्यावं लागतं. पण तुम्ही मुळातच मिसळलेली बादली दिलीत, तर तक्रार करायला तोंड कुठे उरलं? निरीक्षक तुमच्याच गेटवर उभा राहून बादलीकडे बोट दाखवील, आणि तो बरोबर असेल. महापालिकेला उत्तरदायी धरायचं असेल, तर आपली बाजू आधी स्वच्छ हवी. आपण मिसळतो म्हणून त्यांचं मिसळणं झाकलं जातं. ‘एकाच गाडीत जातं’ म्हणणारे स्वतःला व्यवस्थेचे टीकाकार समजतात. माझ्या मते व्यवस्थेतल्या ढिलाईला त्यांच्याइतका भक्कम आधार दुसरा कुणी दिलेला नाही.

आणि गाडी जाते कुठे, याचा विचार या वाक्यात कुठेच नाही. जुन्या पुणेकरांना कोथरूडचा कचरा डेपो आठवत असेल. वस्ती वाढली तसा तिथला डेपो बंद झाला, आणि आज त्या जागी मेट्रोचा डेपो आहे. कोथरूडकरांची सुटका झाली, पण कचरा संपला नव्हता. तो उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या वाट्याला आला. नव्वदच्या दशकापासून तिथे शहराचा कचरा उघड्यावर पडत गेला. विहिरींचं पाणी बिघडलं, गावांना टँकरचं पाणी प्यावं लागलं. माशा, दुर्गंधी, धूर. ग्रामस्थांनी वारंवार गाड्या अडवल्या. २०१७ च्या उन्हाळ्यात डेपोला आग लागली आणि त्यानंतरच्या आंदोलनात कितीतरी दिवस गाड्या आत जाऊ शकल्या नाहीत. तेव्हा शहरातल्या चौकाचौकांत कचऱ्याचे ढीग साचले आणि पेठांपासून उपनगरांपर्यंत सगळ्यांना एकदम कचऱ्याचा प्रश्न दिसला. पुढे गाड्या सुरू झाल्या आणि प्रश्न पुन्हा दिसेनासा झाला. फुरसुंगीतल्या लोकांना तो त्या आधीही रोज दिसत होता, नंतरही दिसत राहिला.

मुंबईत देवनारची क्षेपणभूमी १९२७ पासूनची आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिला लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. अशा आगी का लागतात? आपल्या घरातल्या कचऱ्याचं निम्म्याहून जास्त वजन ओल्याचं असतं. भाजीचे देठ, फळांची सालं, उरलेलं अन्न, चहाचा चोथा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, वर टनावारी ढीग रचून ते दाबलं की आत हवा जात नाही. हवेशिवाय कुजताना मिथेन तयार होतो. हा वायू पेट घेणारा तर आहेच, शिवाय हवामानाच्या दृष्टीनं शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट घातक आहे. खालून काळं पाणी झिरपतं. त्यात बॅटरीतले आणि ट्यूबलाइटमधले जड धातू मिसळले की ते विहिरीत उतरतं. कोथिंबिरीच्या जुडीचे देठ मोकळ्या हवेत, सुक्या पानांच्या सोबतीनं कुजले तर त्यांचं खत होतं. तेच देठ दुधाच्या पिशवीबरोबर आणि डायपरबरोबर बांधले गेले तर त्यांचं विष होतं. देठांमध्ये काही फरक नाही. फरक फक्त मिसळण्याचा आहे.

म्हणून माझं म्हणणं आणखी एक पाऊल पुढचं आहे. गाडीवर विश्वास नाही ना? मग ओला कचरा गाडीला देऊच नका. तो सोसायटीच्या फाटकाबाहेर जाण्याची गरजच नाही. ज्यांना गाडीची एवढी खात्री वाटत नाही, त्यांनी तर हे सगळ्यांत आधी करायला हवं. पण नेमके तेच लोक इथे दुसरी हरकत काढतात: वास येतो, किडे होतात, डास होतात.

वास येतो तो चुकीच्या पद्धतीला. घरातल्या खताच्या डब्यात दोनच गोष्टींचा तोल सांभाळावा लागतो, ओलं आणि कोरडं. भाज्यांच्या सालांत पाणी आणि नत्र भरपूर असतं. सुक्या पानांत, लाकडाच्या भुशात, कोकोपीटमध्ये कार्बन असतो. एक वाटी ओलं पडलं की त्यावर तेवढंच किंवा थोडं जास्तच सुकं पसरायचं. डब्याला बाजूनं भोकं हवीत, तळाला पाणी साचता कामा नये. सुरुवातीला थोडं आंबट ताक किंवा जुन्या खताची एक ओंजळ घातली की जिवाणूंना आयतं विरजण मिळतं. दोन-तीन दिवसांनी काठीनं खालवर करायचं. उग्र, नाकात झोंबणारा वास आला तर ओलं जास्त झालंय, सुकी पानं वाढवायची. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर हवा कमी पडतेय, ढवळून मोकळं करायचं. पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नये, काम चांगलं चाललंय. पांढरट-तपकिरी, जाड अळ्या दिसतात त्या एका काळ्या माशीच्या. त्या चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, आणि कचरा भराभर संपवतात. बारीक चिलटं आली तर वरचा कोरडा थर कमी पडलाय. डास तिथे होतात जिथे पाणी साचतं. खताचा डबा ओलसर असतो, पाण्यानं भरलेला नसतो. डासच शोधायचे असतील तर कुंडीखालच्या बशा, गच्चीवरचे जुने टायर आणि कूलरची टाकी आधी बघा.

नारळाची करवंटी, आंब्याची कोय, मक्याचं कणीस यांचा हट्ट धरू नये. त्यांना फार वेळ लागतो. तेलकट उरलेलं अन्न थोडं चालेल, मटण-मासळीची हाडं बाल्कनीतल्या डब्यात नको. बाकी सगळं साधारण दीड-दोन महिन्यांत काळंभोर, भुसभुशीत आणि पावसानंतरच्या मातीसारख्या वासाचं होतं. कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोळकरांनी प्रयोग परिवारातून काही दशकांपूर्वीच दाखवून दिलं होतं की घरातला पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातला कचरा यांवर गच्चीतसुद्धा अन्न पिकवता येतं. त्यांच्या मागोमाग महाराष्ट्रात गच्चीवरच्या बागा फुलवणाऱ्या कितीतरी गृहिणी आणि निवृत्त माणसं झाली. हे ज्ञान आपल्याकडे मराठीतच उपलब्ध आहे, परदेशातून आणावं लागत नाही.

सुकी पानं कुठून आणायची, असंही विचारलं जातं. पुण्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये पिंपळ आणि कडुनिंब पानं गाळतात, आणि झाडणारे त्या ढिगाला काडी लावतात. सकाळी फिरायला जाणाऱ्या ज्येष्ठांच्या फुप्फुसांत तो धूर जातो. २०१६ च्या नियमांनीच कचरा असा उघड्यावर जाळायला मनाई केली होती. ‘ब्राउन लीफ’ या पुण्यातल्या उपक्रमानं एक साधी गोष्ट केली. ज्यांच्याकडे पानं जास्त आहेत त्यांची आणि ज्यांना खतासाठी पानं हवी आहेत त्यांची गाठ घालून दिली. पोती भरून पानं एका सोसायटीतून दुसऱ्या सोसायटीत जाऊ लागली. आपल्या वसाहतीच्या फलकावर ‘पानं मिळतील’ किंवा ‘पानं हवी आहेत’ एवढी एक ओळ लिहिली तरी हे होतं. भागातली बातमी आणि घरातला उपाय यांची सांगड अशी बसते. कुठल्या दिवशी सुका कचरा उचलला जाईल, ई-कचऱ्याचं संकलन कुठे आहे, जुने कपडे कोण नेतं, या बातम्या वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत येतात आणि बहुतेकजण त्या ओलांडून पुढे जातात. माझ्या दृष्टीनं शहरात राहणाऱ्या माणसासाठी त्या पहिल्या पानाच्या बातम्या आहेत.

सुक्या कचऱ्याबद्दलही दोन-चार गोष्टी. दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण तोडू नका. तो इवलासा तुकडा कुणाच्याच हाताला लागत नाही आणि गटारात जातो. अर्धवट कापून पिशवीलाच लटकता ठेवा. पिशवी भांडी घासतानाच्या पाण्यात एकदा विसळून ओट्याच्या कडेला वाळत टाका. वेगळं पाणी खर्च करायची गरज नाही. पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा. लाल ठिपका दिसला की कचरावेचक ते पुडकं उघडत नाहीत, इतका साधा हा उपाय आहे, आणि तो आला त्यांच्याच मागणीतून. फुटकी काच कागदात गुंडाळून वर मराठीत ‘काच’ लिहा. इन्सुलिनच्या सुया आणि ब्लेड जाड प्लास्टिकच्या डब्यात बंद करून द्या. याला रोज किती वेळ लागतो? चहा उकळेपर्यंतचा.

यावर एक वजनदार हरकत आहे, आणि तिला मी उडवून लावणार नाही. हरकत अशी: हे सगळं घरातल्या बाईच्या डोक्यावर येतं. आधीच स्वयंपाक, मुलं, नोकरी, त्यात आता तीन बादल्या. ही तक्रार शंभर टक्के खरी आहे. कचरा-वर्गीकरणाची पत्रकंसुद्धा ‘गृहिणींनो’ अशी हाक मारून छापली जातात, आणि त्यात बदल व्हायला हवा. पण यावरचा उपाय बादल्या एक करणं हा नाही. उपाय म्हणजे बादली बाहेर ठेवण्याचं, खत ढवळण्याचं, पिशव्या वाळवण्याचं काम घरातल्या पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी घेणं. शिवाय बाईवरचा भार मोजायचा असेल, तर रस्त्याच्या कडेला बसून आपला मिसळलेला कचरा चिवडणाऱ्या बाईचा भार सोडून कसा चालेल? घरातल्या बाईची दगदग वाचवण्यासाठी दुसऱ्या बाईच्या हातात घाण द्यायची, हा न्याय मला मान्य नाही.

दुसरी हरकत: ‘आम्ही कर भरतो, हे काम पालिकेचं.’ कर भरता ते बरोबरच आहे, पण गोळा करणं, वाहून नेणं आणि प्रक्रिया करणं हे काम कराच्या बदल्यात आहे. तुमच्या घरात शिरून आमटीत भिजलेला पुठ्ठा वेगळा करणं हे कुठल्याही करात बसत नाही. आणि कराचाच हिशेब करायचा तर पुणे महापालिका सोसायटीतल्या गांडूळखत, सौरऊर्जा किंवा पावसाचं पाणी साठवण्याच्या प्रकल्पासाठी मिळकतकरात ५ टक्के, आणि त्यातले दोन असतील तर १० टक्के सवलत देते. अट एवढीच की प्रकल्प चालू स्थितीत हवा. कितीतरी सोसायट्यांत बिल्डरनं बांधून दिलेला गांडूळखताचा हौद पार्किंगच्या कोपऱ्यात कोरडा पडलेला असतो. त्यात कुंड्यांचे तुकडे आणि जुना कमोड ठेवलेला असतो. हौद आहे, सवलत आहे, ओला कचराही रोज आहे. नाही तो फक्त ठराव.

तिसरी हरकत जरा आधुनिक आहे. ‘परदेशात सगळं जाळून वीज करतात, आपणही मोठं यंत्र आणावं.’ यंत्र आपण आणून पाहिलं आहे. दिल्लीत तिमारपूरला १९८७ मध्ये डेन्मार्कच्या मदतीनं असा प्रकल्प उभा राहिला आणि थोड्याच दिवसांत बंद पडला, कारण आपल्या कचऱ्यात जळण्याइतका दमच नव्हता. ओल्या सालांनी, मातीनं आणि राखेनं भरलेला कचरा जाळायला उलट इंधन लागतं. म्हणजे यंत्र आणलं तरी कचरा आधी वेगळाच करून द्यावा लागतो. वेगळा केला की ओल्याचं खत होतं, कागद-प्लास्टिक विकलं जातं, आणि जाळायला उरतं ते फार थोडं.

‘वेगळं करून खरोखर काही होतं का’ याचं उत्तर हवं असेल तर सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्याकडे पाहा. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात या बारा हजारांच्या आसपास वस्तीच्या नगरपरिषदेनं घराघरांतून कचरा वेगळा घ्यायला सुरुवात केली, केंद्रावर त्याचे आणखी बारीक प्रकार केले, ओल्यापासून बायोगॅस आणि खत केलं, प्लास्टिक रस्त्यांच्या डांबरात वापरलं. जिथे आधी दुर्गंधीचा डेपो होता ती जागा लोक बघायला येऊ लागले. शेजारच्या गोव्यात पणजीनं घराघरांतून आणि पुढे केंद्रांवर मिळून १६ प्रकारांपर्यंत वर्गीकरण नेलं. यावर ‘वेंगुर्लं लहान आहे, पुण्याला जमणार नाही’ असं म्हटलं जातं. पण मी पुण्याबद्दल बोलतच नाही, तुमच्या सोसायटीबद्दल बोलतोय. तीनशे फ्लॅटची सोसायटी वेंगुर्ल्यापेक्षा कितीतरी लहान आहे. तिथे नगरसेवक लागत नाही, निविदा लागत नाही, फक्त सेक्रेटरी आणि थोडे इच्छुक सभासद लागतात. मुंबईत घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी नव्वदच्या दशकात गल्लीपुरतं हेच सुरू केलं, आणि त्यातून शहरभर प्रगत परिसर व्यवस्थापनाची योजना उभी राहिली. तिची सुरुवात महापालिकेच्या मुख्यालयात झाली नाही. एका गल्लीत झाली.

उरते ती कंपन्यांची जबाबदारी. इथे मी हरकत घेणाऱ्यांच्या बाजूनं आहे. वेफर्सचं चकचकीत पाकीट अनेक पदरांचं असतं, त्याला भंगारात भाव नाही, मावशी ते उचलून काय करणार? पॅड आणि डायपर बनवणाऱ्यांनी विल्हेवाटीसाठी वेष्टन द्यावं, असं २०१६ च्या नियमांत सांगितलं होतं. दुकानात जाऊन पाहा, किती पाकिटांत ते मिळतं. पण कंपनीला जाब विचारायलाही वेगळा केलेलाच कचरा लागतो. स्वच्छ, सुक्या ढिगात कुणाचं पाकीट किती आहे ते मोजता येतं. सांबारात भिजलेल्या ढिगात सगळ्या ब्रँडचा मिळून एकच चिखल होतो, आणि त्या चिखलात कुठल्याच कंपनीचं नाव वाचता येत नाही.

तुमच्या सोसायटीची वार्षिक सभा लवकरच येईल. नोटिशीत कचऱ्याचा विषय नसेल, तर सेक्रेटरींना लेखी पत्र देऊन तो घालायला लावा. ठराव तीन ओळींचा पुरेल: ओला कचरा आवारातच जिरवायचा, सुका आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशी कोरडाच द्यायचा, सॅनिटरी कचरा लाल ठिपक्यासह वेगळा. कोरड्या पडलेल्या हौदाची पाहणी करायला त्याच आठवड्यात दोघांची नेमणूक करा. आणि सभेला तुमच्या भागातल्या कचरावेचक मावशींना बोलवा. खुर्ची द्या, पहिलं बोलणं त्यांना करू द्या. मागच्या रांगेतून ‘शेवटी सगळं एकाच गाडीत जातं’ असं कुणी म्हणालं, तर उत्तर त्याच देतील.